एका डोळ्याचा सर्जन आणि आतड्यातली गाठ

आमच्या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत पोटदुखीचा रुग्ण नाही असा एक दिवस जात नाही. त्यातल्या बहुतेकांचं दुखणं जंत, अपचन, आम्लपित्त किंवा फार तर अपेंडिक्सपर्यंत जाऊन थांबतं. पण आठ वर्षांपूर्वी आलेला सात वर्षांचा एक मुलगा माझ्या अजून लक्षात आहे. तीन आठवड्यांपासून त्याचं पोट दुखत होतं. मधूनमधून उलट्या होत होत्या, जेवण कमी झालं होतं. गावाकडे आधी जंताचं औषध झालं. मग सोनोग्राफीत पोटात गाठी दिसल्या म्हणून क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या. हा अंदाज अगदी वावगा म्हणता येणार नाही. लहान आतडं जिथे मोठ्या आतड्याला मिळतं, त्या उजव्या ओटीपोटाच्या कोपऱ्यात क्षय घर करतो, हे आपल्याकडचा प्रत्येक डॉक्टर शिकलेला असतो.

पण त्या मुलाची आई एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती. पंधरा दिवसांपूर्वी हाताला लिंबाएवढा लागणारा गोळा आता मोसंब्याएवढा झाला होता. क्षयाची गाठ इतक्या घाईने वाढत नाही. आमच्या बालरोग विभागातल्या सहकाऱ्यांनी त्याच संध्याकाळी पुढच्या तपासण्या लावल्या, गाठीचा तुकडा काढला आणि चौथ्या दिवशी अहवाल आला : बर्किट लिम्फोमा.

हे नाव ज्या माणसाचं आहे, त्याला जाऊन आता ३० हून अधिक वर्षं झाली. वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला त्याचं आडनाव पाठ असतं. पण हा माणूस कॅन्सरतज्ज्ञ नव्हता, त्याच्याकडे मोठी प्रयोगशाळा नव्हती आणि त्याला एकच डोळा होता, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. एखादा दुर्मीळ आजार ओळखायला काय लागतं, हे समजून घ्यायचं तर डेनिस बर्किटचं आयुष्य पाहावं.

पक्ष्यांचे नकाशे काढणारे वडील

डेनिस पार्सन्स बर्किटचा जन्म २८ फेब्रुवारी १९११ चा, आयर्लंडच्या उत्तर भागातल्या एनिस्किलन गावाजवळचा. वडील जेम्स बर्किट हे परगण्याचे सर्व्हेअर, म्हणजे रस्ते आणि पूल बांधणारे अभियंता. त्यांना पक्ष्यांचा नाद होता. घराभोवतीचे रॉबिन पक्षी पकडायचे, त्यांच्या पायात ओळखीची कडी अडकवायची, पुन्हा सोडून द्यायचं आणि कोणता पक्षी कुठल्या झुडपापर्यंत आपली हद्द मानतो, याची नोंद कागदावर करत राहायचं. त्यांनी केलेलं हे काम पक्षिशास्त्रात आजही मानाने सांगितलं जातं. कोण कुठे राहतो आणि कुठे राहत नाही, हे धीराने नकाशावर मांडायचं, हा वारसा मुलाकडे आला. मात्र त्याच्या नकाशावर पक्ष्यांच्या जागी आजार आले.

डेनिस ११ वर्षांचा असताना मुलांच्या दगडफेकीत त्याचा चष्मा फुटला आणि काच उजव्या डोळ्यात गेली. तो डोळा कायमचा गेला. शाळेत तो बेताचाच होता. १९२९ मध्ये वडिलांच्या वाटेने जायचं म्हणून तो डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात इंजिनीअरिंगला गेला, पण वर्षभरात त्याचं मन वैद्यकाकडे वळलं. धर्मश्रद्धा पक्की होती आणि आपलं आयुष्य लोकांच्या उपयोगी पडावं अशी ओढ होती. १९३५ मध्ये तो डॉक्टर झाला, १९३८ मध्ये एडिंबराची सर्जरीची फेलोशिप मिळाली. त्यानंतर काही महिने त्याने जहाजावरचा डॉक्टर म्हणून पूर्वेकडे, थेट मांचुरियापर्यंत सफरही केली.

आफ्रिकेत काम करायचं म्हणून त्याने ब्रिटिश सरकारच्या वसाहत सेवेकडे अर्ज केला. तो नाकारला गेला. एका डोळ्याच्या सर्जनवर भरवसा कसा ठेवायचा, असा प्रश्न तिथे होता. पुढे महायुद्धात लष्कराला डॉक्टर हवेच होते. १९४१ मध्ये त्याला लष्करी वैद्यकीय दलात घेतलं गेलं आणि केनिया, सोमालीलँड, सिलोन असा प्रवास घडला. १९४३ मध्ये त्याने ऑलिव्ह रॉजर्स या तरुणीशी लग्न केलं. युद्ध संपल्यावर पुन्हा केलेला अर्ज मान्य झाला आणि १९४६ मध्ये बर्किट युगांडाला पोहोचला.

लिरा ते कंपाला

पहिली नेमणूक उत्तरेकडच्या लिरा गावी होती. संपूर्ण जिल्ह्यात तो एकटा सर्जन. हर्निया, अडलेल्या बाळंतिणी, मोडलेली हाडं, जखमा, जे येईल ते करायचं. आपल्याकडच्या ग्रामीण रुग्णालयात एकट्याने काम केलेल्या कुठल्याही डॉक्टरला ते दिवस ओळखीचे वाटतील.

तिथे त्याच्या ध्यानात आलं, की हायड्रोसीलच्या शस्त्रक्रियेसाठी येणारे पुरुष जिल्ह्याच्या पूर्व भागातून फार येतात, पश्चिमेकडून मात्र अगदी थोडे. जिल्हा एक, लोक तेच, मग हा फरक का? दुसऱ्या कुणी शस्त्रक्रिया करून पुढचा रुग्ण घेतला असता. बर्किटने गावांची नावं लिहून काढली, नकाशावर मांडली आणि हत्तीरोगाच्या प्रसाराशी त्याचा संबंध जोडून पाहिला. या कामावरचा त्याचा लेख १९५१ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आला. आजार कुठे आहे याइतकंच तो कुठे नाही हेही विचारावं, ही सवय त्याला तिथे लागली.

१९४८ पासून तो राजधानी कंपालातल्या मुलागो रुग्णालयात आला. हे शिकवणारं रुग्णालय होतं, गर्दी प्रचंड आणि साधनं बेताची. नऊ वर्षं त्याने तिथे नेहमीची सर्जरी केली.

दोन मुलं

१९५७ मध्ये एके दिवशी त्याचे ज्येष्ठ सहकारी डॉ. ह्यू ट्रॉवेल यांनी त्याला मुलांच्या वॉर्डात एक रुग्ण पाहायला बोलावलं. साधारण पाच वर्षांच्या त्या मुलाचा चेहरा दोन्ही बाजूंनी सुजलेला होता. वरचा आणि खालचा, असे दोन्ही जबडे दोन्हीकडून फुगले होते, दात हलत होते. जंतुसंसर्ग म्हणावा तर तो एकाच वेळी चारही ठिकाणी कसा? कॅन्सर म्हणावा तर तोही सहसा एका जागी सुरू होतो. बर्किटला काही उमगलं नाही. त्याने त्या मुलाची छायाचित्रं घेतली आणि तो मुलगा मनात राहिला.

काही आठवड्यांनी तो जिंजा गावच्या रुग्णालयात वॉर्ड फेरीसाठी गेला होता. खिडकीतून सहज बाहेर पाहिलं तर गवतावर एक आई आपल्या लेकराला घेऊन बसलेली. त्या लेकराचाही चेहरा तसाच सुजलेला. फेरी तशीच सोडून तो बाहेर गेला. मूल तपासलं तर जबड्यांसोबत पोटातही गाठी हाताला लागल्या.

एक मूल म्हणजे अपवाद असू शकतो. दोन मुलं म्हणजे आजार असू शकतो. बर्किटने मुलागोतले जुने कागद काढले. लहान मुलांच्या कॅन्सरच्या नोंदी चाळताना त्याला दिसलं, की जबड्याच्या गाठी एका नावाखाली, मूत्रपिंडाच्या दुसऱ्या, अंडाशयाच्या तिसऱ्या, यकृताच्या आणि पोटातल्या आणखी वेगळ्या नावांखाली नोंदल्या आहेत. पण एकाच मुलात यांतल्या दोन-तीन जागा पुन्हा पुन्हा एकत्र येत होत्या. दातांच्या डॉक्टरने जबडा पाहिला, सर्जनने पोट पाहिलं, पॅथॉलॉजिस्टने काचपट्टी पाहिली. सगळं मूल एकदम कुणी पाहिलं नव्हतं.

ही मुलं त्याआधी नव्हती असं अजिबात नाही. कंपालातच मेंगो रुग्णालय स्थापन करणाऱ्या डॉ. अल्बर्ट कुक यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच आपल्या नोंदवह्यांत अशा सुजलेल्या जबड्यांची मुलं टिपून ठेवली होती. नव्हती ती फक्त हे सगळं एकच आहे ही ओळख.

१९५८ मध्ये बर्किटने ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरीत आपला लेख छापला. त्यात त्याने या गाठीला सार्कोमा म्हटलं होतं. लेख फारसा कुणी वाचला नाही. पुढच्या दोन वर्षांत मुलागोतल्याच ग्रेगरी ओ'कॉनर आणि जॅक डेव्हिस या पॅथॉलॉजिस्टांनी दाखवून दिलं, की जबडा असो वा पोट, सूक्ष्मदर्शकाखाली पेशी सारख्याच दिसतात आणि त्या लिम्फोमाच्या, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या कॅन्सरच्या आहेत. काचपट्टीवर गर्द निळ्या पेशींची दाटी आणि त्यात मधूनमधून मेलेल्या पेशी गिळणाऱ्या मोठ्या फिकट पेशी. अंधाऱ्या आकाशात चांदण्या विखुरल्यासारखं हे चित्र आजही विद्यार्थ्यांना त्याच नावाने शिकवलं जातं.

१०,००० मैलांची फेरी

आता बर्किटच्या आतला सर्व्हेअरचा मुलगा जागा झाला. हा आजार कुठे आहे आणि कुठे नाही? अवघ्या २५ पौंडांच्या सरकारी मदतीतून त्याने आजारी मुलांची छायाचित्रं असलेली पत्रकं छापली आणि आफ्रिकाभरच्या रुग्णालयांना टपालाने पाठवली. असा रुग्ण तुमच्याकडे येतो का, एवढंच विचारलं होतं. उत्तरं येत गेली तशा त्याने भिंतीवरच्या नकाशात टाचण्या टोचल्या. आफ्रिकेच्या मधोमध एक पट्टा दिसू लागला.

पट्ट्याची दक्षिणेकडची कड नेमकी कुठे संपते, हे मात्र पत्रांतून कळेना. मग १९६१ च्या ऑक्टोबरमध्ये त्याने २५० पौंडांत एक जुनी फोर्ड स्टेशन वॅगन घेतली. सोबत टेड विल्यम्स आणि क्लिफ नेल्सन हे दोन डॉक्टर मित्र. विल्यम्सला गाडीदुरुस्तीही येत होती आणि त्या रस्त्यांवर तिची गरज वैद्यकीपेक्षा कमी नव्हती. १० आठवड्यांत तिघांनी युगांडापासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत जाऊन परत असा १०,००० मैलांचा, म्हणजे सुमारे १६,००० किलोमीटरचा प्रवास केला. वाटेत जवळपास ६० रुग्णालयांत थांबून छायाचित्रं दाखवली, रजिस्टरं पाहिली, तिथल्या डॉक्टरांना विचारलं.

परत आल्यावर जे चित्र उमटलं ते चकित करणारं होतं. उंच डोंगराळ भागात आजार नव्हता. सखल, उष्ण आणि ओल्या भागात होता. जिथे थंडीत तापमान साधारण १६ अंश सेल्सिअसच्या खाली जातं किंवा पाऊस वर्षाला ५०० मिलिमीटरपेक्षा कमी पडतो, तिथे तो दिसत नव्हता. कॅन्सरला ऊन-पाऊस कळतो, असं कुणी ऐकलं नव्हतं. डासांना मात्र कळतो. त्यामुळे आधी वाटलं, की डासांमार्फत पसरणारा एखादा विषाणू हा कॅन्सर करत असावा.

उत्तर थोडं वेगळं निघालं, पण तिथे पोहोचवलं या नकाशानेच. डासांमार्फत येणारा होता तो मलेरिया. लहानपणी पुन्हा पुन्हा होणारा मलेरिया रोगप्रतिकारक पेशींना सतत कामाला जुंपतो आणि त्या गोंधळात एका विषाणूला वाव मिळतो, असं आज मानलं जातं.

धुक्यात अडकलेलं विमान

तो विषाणू सापडण्याची हकिगत निराळी आहे. मार्च १९६१ मध्ये बर्किट रजेवर लंडनला आला असताना मिडलसेक्स रुग्णालयात त्याचं व्याख्यान झालं. श्रोत्यांत अँथनी एप्स्टाइन नावाचा तरुण संशोधक होता. कोंबड्यांत कॅन्सर करणाऱ्या विषाणूवर त्याचं काम चालू होतं. हवामानाप्रमाणे बदलणारा कॅन्सर म्हटल्यावर त्याचे कान टवकारले. दोघांत ठरलं आणि कंपालातून गाठींचे ताजे तुकडे रात्रीच्या विमानाने लंडनला जाऊ लागले.

दोन वर्षं हाती काहीच आलं नाही. ५ डिसेंबर १९६३ रोजी धुक्यामुळे विमान मँचेस्टरला वळवावं लागलं. तुकडा उशिरा पोहोचला तेव्हा बाटलीतलं पाणी गढूळ झालेलं. जंतू पडून नमुना वाया गेला असंच कुणालाही वाटलं असतं. एप्स्टाइनने तो टाकून देण्याआधी एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. जंतू नव्हते. गाठीतून सुटलेल्या जिवंत पेशी त्या पाण्यात तरंगत होत्या. त्या प्रयोगशाळेत वाढवता आल्या आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांत विषाणू दिसला. मार्च १९६४ मध्ये एप्स्टाइन, बर्ट अचॉन्ग आणि इव्हॉन बार यांनी ते जाहीर केलं. माणसात कॅन्सरशी जोडला गेलेला हा पहिला विषाणू, एप्स्टाइन-बार विषाणू.

हा विषाणू जगातल्या बहुतेक प्रौढांच्या शरीरात निमूटपणे राहतो आणि काही करत नाही, हेही इथे सांगायला हवं. त्याची रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली म्हणून घाबरायचं कारण नाही. या कॅन्सरचं खरं इंजिन पेशीच्या आत आहे. १९८२ च्या सुमारास कळलं, की बर्किट लिम्फोमात मिक नावाचं जनुक आठव्या गुणसूत्रावरची जागा सोडून बहुधा चौदाव्या गुणसूत्रावर जाऊन बसतं. तिथे त्याला थांब म्हणणारं कुणी नसतं. पेशी सतत विभागत राहते. एक ते दोन दिवसांत पेशींची संख्या दुप्पट, इतका हा वेग असतो. माणसाला होणाऱ्या सर्वांत वेगाने वाढणाऱ्या कॅन्सरांपैकी हा एक.

वेगाची दुसरी बाजू

बर्किट सर्जन होता आणि सर्जरीचा इथे उपयोग नाही हे त्याला लवकर कळलं. चारही बाजूंनी वाढलेला जबडा कापणार किती? रेडिओथेरपीचं यंत्र कंपालात नव्हतं. तेव्हा न्यूयॉर्कहून आलेल्या डॉक्टरांच्या मदतीने त्याने त्या काळी नवी असलेली औषधं देऊन पाहिली. मेथोट्रेक्सेट, सायक्लोफॉस्फामाइड, व्हिन्क्रिस्टिन ही नावं आजही आमच्या कॅन्सर वॉर्डात रोजची आहेत. औषध थोडं होतं, मात्राही बेताच्या. तरी काही मुलांच्या चेहऱ्यावरची सूज दिवसांत ओसरली आणि त्यांतली काही मुलं वर्षानुवर्षं ठणठणीत राहिली. नुसत्या औषधाने पसरलेला कॅन्सर बरा होऊ शकतो, यावर तेव्हा फार थोड्या डॉक्टरांचा विश्वास होता. युगांडातल्या या मुलांनी तो वाढवला.

कारण साधं आहे. ही औषधं विभागणाऱ्या पेशीवर घाव घालतात. जी गाठ वेगाने वाढते, तीच वेगाने विरघळते. त्यामुळे हा आजार जितका भयंकर, तितकाच बरा होण्याजोगा. मात्र तो वेळेत ओळखला तर.

आपल्या दारातला आजार

आता पुन्हा आमच्या त्या सात वर्षांच्या मुलाकडे येऊ. त्याचा जबडा सुजलेला नव्हता. बर्किटच्या शोधानंतर काही वर्षांतच अमेरिकेत आणि युरोपातही हाच कॅन्सर दिसला, पण त्याचा मुक्काम वेगळा होता. आफ्रिकेच्या पट्ट्याबाहेर तो बहुतेकदा पोटात दिसतो आणि त्याची आवडती जागा म्हणजे लहान आतड्याचं शेवटचं टोक. तिथे आतड्याच्या भिंतीत रोगप्रतिकारक पेशींची दाट वस्ती असते, हे त्यामागचं एक कारण. आपल्याकडेही तो पोटात आढळतो. रुग्ण बहुतेक लहान मुलं, त्यातही मुलगे जास्त. एचआयव्हीबाधित प्रौढांतही तो दिसतो.

अडचण अशी, की त्याच कोपऱ्यात अपेंडिक्सचं दुखणं होतं, तिथेच क्षय होतो, तिथेच क्रोन्सचा आजार होतो. बर्किट लिम्फोमा या सगळ्यांच्या तुलनेत फारच दुर्मीळ. म्हणून तो शेवटी आठवतो. पुढच्या खुणा दिसल्या तर तो आधी आठवायला हवा.

पोटातला गोळा काही दिवसांत किंवा आठवड्यांत हाताला जाणवेल इतका वाढणं, ही सर्वांत महत्त्वाची खूण. पोट फुगणं, पोटात पाणी होणं, वारंवार उलट्या, शौचातून रक्त, भूक आणि वजन झपाट्याने कमी होणं या इतर खुणा. आणखी एक खूण पालकांनी आणि तरुण डॉक्टरांनीही लक्षात ठेवावी. आतड्याचा एक भाग दुसऱ्यात दुर्बिणीच्या नळीसारखा शिरून अडकतो, असा एक प्रकार तान्ह्या बाळांत दिसतो आणि त्यात बहुधा गंभीर कारण नसतं. पण पाच-सहा वर्षांच्या पुढच्या मुलात असं झालं, तर आतड्याला आत ओढणारी एखादी गाठ तिथे आहे का, हे शोधलंच पाहिजे. ती गाठ लिम्फोमाची असू शकते.

निदान तुकड्याच्या तपासणीनेच होतं. सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन गाठ दाखवतात, पण ती कशाची हे नक्की सांगत नाहीत. पोटात पाणी असेल तर कधी त्या पाण्यातल्या पेशींवरूनही निदान होतं. रक्तातलं एलडीएच आणि युरिक ॲसिड फार वाढलेलं असेल तर संशय बळावतो. अस्थिमज्जा आणि पाठीच्या कण्यातलं पाणीही तपासावं लागतं, कारण हा आजार तिथवर पोहोचू शकतो.

दोन चुका इथे जीवघेण्या ठरतात. पहिली, पुरावा नसताना क्षयाचं औषध सुरू करून महिनाभर वाट पाहणं. क्षयाचं औषध देऊ नका असं मी म्हणत नाही. आपल्याकडे क्षय खूप आहे. पण शक्य तिथे आधी तुकडा तपासा, आणि औषध चालू असतानाही गाठ वाढत असेल तर त्याच आठवड्यात पुन्हा विचार करा. दुसरी चूक म्हणजे निदानाआधी स्टेरॉइड देणं. स्टेरॉइडने लिम्फोमा काही काळ विरघळतो, रुग्णाला बरं वाटतं, आणि मग तुकड्यात काहीच सापडत नाही. गाठ परत येते तेव्हा वेळ निघून गेलेली असते.

उपचार सुरू झाल्यावरही पहिले काही दिवस जपावं लागतं. एवढ्या पेशी एकदम मेल्या की त्यांतलं पोटॅशियम, फॉस्फेट आणि युरिक ॲसिड रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडं बंद पडू शकतात. म्हणून आधीपासून भरपूर सलाइन, युरिक ॲसिड कमी करणारी औषधं आणि दर काही तासांनी रक्ततपासणी. हे काम जिथे मुलांच्या कॅन्सरचे उपचार होतात अशाच रुग्णालयात व्हायला हवं. अनुभवी केंद्रांत आज यातली बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात. उपचार काही महिन्यांत संपतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या उपचारांचा समावेश आहे. खर्चाच्या धास्तीने कुणी मूल घरी घेऊन जाऊ नये.

भाकरी आणि बर्किट

१९६६ मध्ये बर्किट कुटुंबासह इंग्लंडला परतला. वयाची पंचावन्न वर्षं झाली होती. कीर्ती मिळाली होती. एखादा तिथेच थांबला असता. पण १९६७ मध्ये पीटर क्लीव्ह या नौदलाच्या निवृत्त डॉक्टरची आणि त्याची गाठ पडली. साखर आणि पांढरा मैदा यांमुळे अनेक आजार वाढले, असं क्लीव्ह सांगत होता. बर्किटला आठवलं, की इतकी वर्षं आफ्रिकेत सर्जरी करूनही मोठ्या आतड्याचा कॅन्सर, अपेंडिक्स, मूळव्याध आणि पित्ताचे खडे त्याने तिथे किती कमी पाहिले होते. पुन्हा तोच प्रश्न : तिथे आहे, इथे नाही, का?

पुन्हा पत्रं गेली, पुन्हा रुग्णालयांकडून दर महिन्याला उत्तरं आली. जुने सहकारी ट्रॉवेलही सोबत होते. खेड्यातल्या लोकांचा मल वजनाला किती भरतो, अन्न आतड्यातून बाहेर पडायला किती तास लागतात, हे त्याने आणि दक्षिण आफ्रिकेतल्या अलेक वॉकर यांनी मोजलं. लोक हसले तरी त्याला संकोच नव्हता. सगळ्याच्या मुळाशी अन्नातला चोथा आहे असं त्याचं मत झालं. १९७९ मध्ये त्याने सामान्य वाचकांसाठी लिहिलेलं तंतुमय आहारावरचं पुस्तक जगभर वाचलं गेलं. तो फायबरवाला डॉक्टर म्हणून लिम्फोमापेक्षाही जास्त ओळखला जाऊ लागला.

त्याच्या सगळ्या गोष्टी खऱ्या ठरल्या नाहीत. इतके आजार एकट्या चोथ्याच्या खात्यावर टाकणं जरा जास्तच होतं. पण तंतुमय आहाराने मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका कमी होतो, हे आज बहुतेक तज्ज्ञ मान्य करतात. ज्वारी-बाजरीची भाकरी, सालासकट डाळी, उसळी आणि पालेभाजी खा असं मी रुग्णाला सांगतो, तेव्हा त्यात थोडा बर्किट असतोच. मात्र गल्लत नको. भाकरी खाल्ल्याने बर्किट लिम्फोमा टळत नाही. तो कुणाच्या खाण्यापिण्याच्या चुकीने होत नाही, आईने स्वतःला दोष द्यायचं कारण नाही.

२३ मार्च १९९३ रोजी इंग्लंडमध्ये ग्लॉस्टर इथे डेनिस बर्किटचं निधन झालं. मागे ऑलिव्ह आणि तीन मुली होत्या. रॉयल सोसायटीची फेलोशिप, अमेरिकेचा लास्कर पुरस्कार असे मोठे मान त्याला मिळाले. वसाहत सेवेने ज्या डोळ्यासाठी त्याला नाकारलं होतं, त्याची आठवण तोवर कुणाला राहिली नसावी.

आजही पोटदुखीच्या रांगेत एखादं मूल समोर आलं की मी स्वतःला आणि माझ्या निवासी डॉक्टरांना तीन गोष्टींची आठवण करून देतो. सगळं मूल तपासा, नुसतं दुखणारं पोट नव्हे. आई काय सांगते ते ऐका, कारण गोळा किती दिवसांत किती वाढला हे तिच्या हाताला ठाऊक असतं. आणि निदान व आजाराची चाल जुळत नसेल तर निदान बदला.

तो मुलगा यंदा दहावीत आहे. सहा महिन्यांच्या उपचारांनंतर गाठ गेली, ती परत आली नाही. दर वर्षी तपासणीला येतो तेव्हा त्याची आई अजूनही त्याच्या पोटावर हात फिरवून पाहते. मीही पाहतो.